घटनापीठापुढे नेमका प्रश्न कोणता होता?

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनात्मक अधिकारांविषयी आहेत. काही पत्रांत न्यायालयाने फार केले अशी तक्रार आहे, तर काहींत फारच थोडे केले अशी. दोन्ही बाजूंच्या वाचकांना आरंभीच एक विनंती करतो: निकालावर मत बनवण्यापूर्वी न्यायालयापुढे कोणता प्रश्न ठेवण्यात आला होता, कोणी ठेवला होता आणि मागणी कोणती होती, एवढे पाहावे. खालील बहुतेक उत्तरे याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

प्रश्न : संसद लोकांनी निवडून दिलेली असते, न्यायाधीश निवडून दिलेले नसतात. मग संसदेने केलेला कायदा रद्द करण्याचा अधिकार न्यायाधीशांना कोणी दिला? (विधी महाविद्यालयातील विद्यार्थी, सातारा)

उत्तर : हा अधिकार राज्यघटनेने दिला आणि तो अगदी स्पष्ट शब्दांत दिला. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा त्या विसंगतीच्या मर्यादेत शून्य ठरेल, असे अनुच्छेद १३ सांगतो. संसदेला व विधिमंडळांना कायदे करण्याचा अधिकार देणारा अनुच्छेद २४५ देखील ‘या घटनेच्या तरतुदींना अधीन राहून’ अशाच अटीने सुरू होतो. म्हणजे संसदेचा अधिकार आणि त्या अधिकाराची सीमा या दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजातून आलेल्या आहेत. सीमा ओलांडली गेली आहे का, हे कोणी तरी सांगावे लागते आणि ते काम घटनेने न्यायालयांकडे सोपवले आहे.

यातील कळीचा अनुच्छेद ३२. मूलभूत हक्काचा भंग झाल्यास सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागणे हाच त्याने एक मूलभूत हक्क ठरवला आहे. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अनुच्छेद म्हणून याच अनुच्छेदाकडे बोट दाखवले होते आणि त्याला घटनेचा आत्मा व हृदय म्हटले होते. हक्कांची यादी कितीही सुंदर असली तरी दाद मागण्याचे ठिकाण नसेल तर ती यादी कागदावरच राहते, ही त्यामागची जाण होती.

‘रद्द’ या शब्दाने एक गैरसमज होतो, तोही दूर करतो. न्यायालय सकाळी उठून कायद्यांची छाननी करीत बसत नाही. कोणी तरी याचिका करतो, सरकार आपली बाजू मांडते आणि मग वादग्रस्त तरतूद घटनेच्या कसोटीवर पारखली जाते. निवडणूक रोख्यांचे प्रकरण घ्यावे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ती योजना घटनाबाह्य ठरवली. निवडणुकीसाठी पैसा कसा उभा करावा हे न्यायालयाने सांगितले नाही. राजकीय पक्षाला कोण पैसे देतो हे मतदाराला कळू न देणे हा अनुच्छेद १९ मधील माहितीच्या हक्काचा भंग आहे, एवढेच सांगितले आणि रोख्यांचा तपशील निवडणूक आयोगाकडे देण्याचा आदेश स्टेट बँकेला दिला. त्यांच्या जागी कोणती व्यवस्था आणायची, हा विषय संसदेकडेच राहिला.

प्रश्न : घटनापीठ हे वेगळे न्यायालय आहे काय? जर्मनीत फक्त घटनेसाठी स्वतंत्र न्यायालय आहे असे वाचले. आपल्याकडे तसे का नाही? (निवृत्त शिक्षिका, नागपूर)

उत्तर : घटनापीठ हे वेगळे न्यायालय नाही. घटनेच्या अर्थाविषयीचा महत्त्वाचा प्रश्न ज्या प्रकरणात उद्भवतो ते प्रकरण किमान पाच न्यायमूर्तींनी ऐकले पाहिजे, असे अनुच्छेद १४५ चा तिसरा खंड सांगतो. अशा पाच किंवा अधिक न्यायमूर्तींच्या पीठाला आपण घटनापीठ म्हणतो. तेच न्यायमूर्ती दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांच्या पीठात बसून जमिनीचा वाद किंवा जामीन अर्ज ऐकत असतात.

जर्मनीची रचना निराळी आहे. कार्ल्सरूह शहरातील संघीय घटना न्यायालय १९५१ पासून काम करते. त्यात प्रत्येकी आठ न्यायाधीशांची दोन मंडळे आहेत, न्यायाधीशांची मुदत १२ वर्षांची असते, ती पुन्हा मिळत नाही, आणि निवड संसदेची दोन सभागृहे दोन तृतीयांश मतांनी निम्मी-निम्मी करतात. संसदेचा कायदा घटनाविरोधी ठरवण्याचा अधिकार तेथे केवळ याच न्यायालयाला आहे. खालच्या न्यायालयाला तशी शंका आली तर त्याला प्रकरण थांबवून प्रश्न कार्ल्सरूहला पाठवावा लागतो. दक्षिण आफ्रिकेनेही वर्णभेदाची राजवट संपल्यावर नवे घटना न्यायालय उभारले, कारण जुन्या राजवटीचे कायदे राबवत आलेल्या न्यायालयांवर नव्या घटनेचा भार टाकणे लोकांना विश्वासाचे वाटले नसते. योहान्सबर्गमधील त्या न्यायालयाची इमारत जुन्या तुरुंगाच्या आवारात आहे.

भारताने मात्र संसदेचा कायदा तपासण्याचा अधिकार उच्च न्यायालयांनाही दिला. नागपूरच्या नागरिकाला घटनेच्या आधारे दाद मागायला दिल्ली गाठावी लागत नाही, हा माझ्या मते आपल्या रचनेचा मोठा गुण आहे. दोष असा की आपले सर्वोच्च न्यायालय अपिलांच्या ओझ्याखाली दबलेले असते आणि घटनापीठापुढची प्रकरणे मागे पडतात. १९५० साली सरन्यायाधीशांसह आठ न्यायमूर्तींची तरतूद असलेल्या या न्यायालयाची मंजूर संख्या २०१९ मध्ये ३४ झाली, तरी ही अडचण सुटली नाही. विधी आयोगाने २००९ च्या २२९ व्या अहवालात दिल्लीत कायमचे घटनापीठ आणि अपिलांसाठी मुंबईसह चार ठिकाणी पीठे अशी शिफारस केली होती. ती अमलात यावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : केशवानंद भारती खटल्याचे नाव सतत ऐकतो. त्या स्वामींना शेवटी काय मिळाले? (वाचक, चिपळूण)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार. या निकालावर भरभरून बोलणारे बहुतेक जण हा प्रश्न कधी विचारत नाहीत.

केरळातील कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख स्वामी केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनींवर येणाऱ्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध १९७० मध्ये याचिका केली. ती प्रलंबित असतानाच संसदेने घटनादुरुस्त्या केल्या आणि केरळचे ते कायदे २९ व्या दुरुस्तीने नवव्या अनुसूचीत, म्हणजे कायद्यांना न्यायालयीन आव्हानापासून संरक्षण देणाऱ्या यादीत घातले. त्यामुळे जमिनीचा प्रश्न बाजूला राहून मोठा प्रश्न उभा राहिला : घटना दुरुस्त करण्याच्या संसदेच्या अधिकाराला मर्यादा आहे की नाही? १९५१ मध्ये शंकरी प्रसाद प्रकरणात आणि १९६४ मध्ये सज्जनसिंग प्रकरणात न्यायालयाने मर्यादा नाही असे म्हटले होते. १९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात ११ न्यायमूर्तींनी सहा विरुद्ध पाच मतांनी मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही असे सांगितले. या ओढाताणीचा निर्णय १३ न्यायमूर्तींनी करायचा होता, आणि त्याहून मोठे पीठ आजतागायत बसलेले नाही.

सुनावणी ६८ दिवस चालली. मठाच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाई असे मुंबईचे दोन थोर वकील समोरासमोर उभे होते. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला : संसद घटनेचा कोणताही भाग दुरुस्त करू शकते, मात्र घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. पारडे झुकवणारे मत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. आपल्या निकालपत्रात त्यांनी डीटर कॉनराड या जर्मन अभ्यासकाचा आधार घेतला. कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात याच विषयावर व्याख्यान दिले होते. हिटलरच्या काळात कायद्याचे शब्द पाळूनच घटना पोखरली गेली, या अनुभवातून जर्मनीने आपल्या मूलभूत कायद्यातील काही तत्त्वे दुरुस्तीच्या पलीकडे ठेवली. आपल्या घटनेत तसे कलम नाही, परंतु दुरुस्ती या शब्दाच्या अर्थातच ही मर्यादा सामावलेली आहे, असे बहुमताने मानले.

आणि स्वामींचे काय झाले? न्यायालयाने २९ वी घटनादुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे ज्या कारणासाठी ते न्यायालयात गेले होते ते साधले नाही. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे तत्त्व मात्र देशाला मिळाले.

त्या तत्त्वाचे बळ पुढच्या काही वर्षांत दिसले. पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी ३९ व्या घटनादुरुस्तीतील तरतूद नोव्हेंबर १९७५ मध्ये याच तत्त्वाच्या आधारे फेटाळली गेली. त्याच महिन्यात केशवानंद निकालाच्या फेरविचारासाठी बसवलेले १३ न्यायमूर्तींचे पीठ दोन दिवसांच्या सुनावणीनंतर विसर्जित करण्यात आले. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स प्रकरणात घटनादुरुस्तीवर न्यायालयात प्रश्नच उपस्थित करता येणार नाही असे सांगणारी ४२ व्या दुरुस्तीतील तरतूद रद्द झाली. तो बहुमताचा निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. १९७३ मध्ये हेच चंद्रचूड अल्पमतात होते आणि संसदेच्या अधिकाराला अशी मर्यादा नाही असे मानत होते. स्वतःचे मत बाजूला ठेवून मोठ्या पीठाचा निकाल प्रामाणिकपणे लागू करणे ही न्यायाधीशाची शिस्त असते, आणि हे तिचे फार चांगले उदाहरण आहे असे मी समजतो.

प्रश्न : न्यायालयाचा निकाल संसदेला पटला नाही तर ती तो फिरवू शकते का? मराठा आरक्षणाच्या वेळी घटनादुरुस्ती झाली, पण तिने आरक्षण परत आले नाही. (वाचक, बीड)

उत्तर : निकाल चुकीचा होता असे संसद जाहीर करू शकत नाही, परंतु ज्या शब्दांवर निकाल उभा आहे ते शब्द ती बदलू शकते. आपण दिलेले उदाहरण हा फरक समजायला उपयोगी आहे, कारण ५ मे २०२१ च्या त्या निकालात दोन स्वतंत्र प्रश्न होते.

पहिला प्रश्न एकूण आरक्षणावरील ५० टक्क्यांच्या मर्यादेचा होता. राज्याने २०१८ मध्ये १६ टक्के आरक्षणाचा कायदा केला, मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो कायम ठेवताना प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९९२ च्या इंद्रा साहनी प्रकरणातील नऊ न्यायमूर्तींचा निकाल आधाराला घेतला आणि ती मर्यादा ओलांडण्याजोगी असामान्य परिस्थिती दाखवली गेली नाही असे एकमताने म्हटले. दुसरा प्रश्न २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीच्या अर्थाचा होता. त्या दुरुस्तीनंतर मागासवर्ग ठरवण्याचा राज्यांचा अधिकार उरला नाही, असा अर्थ तीन विरुद्ध दोन मतांनी लावला गेला.

संसदेने त्याच वर्षी १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा अधिकार स्पष्ट शब्दांत परत दिला. ती दुरुस्ती दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होती. पहिल्या प्रश्नाला तिने हात लावला नव्हता आणि म्हणून तिच्यामुळे आरक्षण परत येणे शक्यच नव्हते. त्या काळात अनेकांनी हे दोन प्रश्न एकत्र करून समाजापुढे मांडले, आणि ज्यांच्या मुलांचे प्रवेश टांगणीला लागले होते त्यांची दिशाभूल झाली, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : राज्यपाल चुकले असे घटनापीठानेच २०२३ मध्ये म्हटले, मग महाराष्ट्रातील आधीचे सरकार परत का आणले नाही? (वाचक, पुणे)

उत्तर : ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की बहुमत चाचणी बोलावण्याइतकी वस्तुनिष्ठ सामग्री राज्यपालांपुढे नव्हती. परंतु तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता. स्वेच्छेने दिलेला राजीनामा न्यायालयाने मागे घेतल्यासारखा करावा, यासाठी कायद्यात आधार नव्हता. चुकीचा आदेश रद्द करता येतो, पण इथे त्या आदेशानुसार चाचणी झालीच नव्हती. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय घटनेच्या दहाव्या अनुसूचीने, म्हणजे पक्षांतरबंदीच्या तरतुदीने, विधानसभा अध्यक्षांकडे दिलेला असल्यामुळे न्यायालयाने तो स्वतः न घेता वाजवी मुदतीत घेण्यास सांगितले.

निकाल कोणत्याही बाजूला समाधान देणारा नव्हता हे मान्य आहे. माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. ‘वाजवी मुदत’ म्हणजे किती दिवस, हे न्यायालयाने सांगितले असते तर बरे झाले असते. दहाव्या अनुसूचीत विलंब हाच निर्णय ठरतो, आणि हे देशात अनेक राज्यांनी अनुभवले आहे.

प्रश्न : राष्ट्रपती न्यायालयाचा सल्ला घेतात, म्हणजे काय? (वाचक, पणजी)

उत्तर : अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती कायद्याचा किंवा सार्वजनिक महत्त्वाचा प्रश्न न्यायालयाकडे पाठवू शकतात. न्यायालय मत देते किंवा नम्रपणे नकारही देते. अयोध्येविषयीचा १९९३ चा प्रश्न उत्तर न देता परत पाठवला गेला होता. विधेयकांवर राज्यपालांनी व राष्ट्रपतींनी किती काळात निर्णय घ्यावा याविषयी २० नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेले मत याच अनुच्छेदाखालचे आहे. न्यायालयाने तेथे ठरावीक कालमर्यादा घालता येणार नाही असे म्हटले. मात्र कारण न देता प्रदीर्घ काळ काहीच न केल्यास निर्णय घ्या एवढा मर्यादित आदेश देता येईल, असेही सांगितले.

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयच चुकले तर दाद कोणाकडे मागायची? (वाचक, सोलापूर)

उत्तर : कागदोपत्री उत्तर सोपे आहे. अनुच्छेद १३७ खाली पुनर्विलोकन याचिका करता येते आणि ती फेटाळली गेली तर २००२ पासून क्युरेटिव्ह याचिकेचा अतिशय अरुंद मार्ग आहे. त्याखेरीज मोठे पीठ लहान पीठाचा निकाल चूक ठरवू शकते. पण आपला प्रश्न कागदापुरता नाही असे समजून पुढे लिहितो.

आणीबाणीत हजारो लोकांना खटल्याविना तुरुंगात ठेवले गेले. त्यांच्यापैकी अनेकांनी उच्च न्यायालयांत देहोपस्थितीच्या, म्हणजे कोठडीतील माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशा मागणीच्या (हेबिअस कॉर्पस) याचिका केल्या आणि कित्येक उच्च न्यायालयांनी त्या ऐकण्याजोग्या आहेत असे धैर्याने सांगितले. सरकार अपिलात गेले. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार केले तरी दाद मागता येणार नाही काय, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी सुनावणीत विचारले, तेव्हा आणीबाणी असेपर्यंत येणार नाही, अशा आशयाचे उत्तर सरकारचे महान्यायवादी निरेन डे यांनी दिले. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. बहुमतात यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे खन्ना असहमत राहिले आणि जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. त्यांनी राजीनामा दिला.

या चुकीची दुरुस्ती आधी संसदेने केली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही असे ठरवले. न्यायालयाने तो निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. खासगीपणाच्या हक्काविषयी नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे चाललेल्या प्रकरणात वडिलांचा तो निकाल गंभीर दोषांनी भरलेला आहे असे लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. ४१ वर्षे लागली. जे लोक त्या २१ महिन्यांत कोठडीत होते त्यांना या दुरुस्तीचा काही उपयोग नव्हता, हे विसरून न्यायालयाची थोरवी सांगणे मला जमत नाही. तरीही खन्ना यांचे असहमतीचे निकालपत्र नोंदीत राहिले आणि पुढच्या न्यायमूर्तींना त्याच्याकडे परत जाता आले. निकालपत्रे वाचताना अल्पमताची पाने उलटून पुढे जाऊ नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो ते याच कारणासाठी.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत रस्त्याचा व पाणीपुरवठ्याचा प्रश्न आहे, पण वकील परवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले तर चालते का? (वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : पत्रावरून याचिका दाखल झाल्याची उदाहरणे आहेत. मुंबईतील पोलीस कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते असे पत्रकार शीला बारसे यांनी पत्राने कळवले होते. ते पत्र याचिका मानून न्यायालयाने १९८३ मध्ये महिला कैद्यांसाठी वेगळ्या कोठड्या, महिला पोलिसांचा पहारा आणि अटक होताच कायदेविषयक मदत केंद्राला खबर देणे, असे आदेश दिले. परंतु आपण लिहिलेला ग्रामपंचायतीच्या रस्त्याचा व पाणीपुरवठ्याचा प्रश्न दिल्लीला पाठवण्यात वेळ जाईल. अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या अनुच्छेद ३२ खालील अधिकारापेक्षा रुंद आहे, कारण तेथे मूलभूत हक्काखेरीज इतर कायदेशीर हक्कासाठीही रिट, म्हणजे न्यायालयाचा आदेश, मागता येते. कायद्याने नेमून दिलेले काम अधिकारी करीत नसतील तर मागायचा तो महादेश, ज्याला वकील मंडळी मँडॅमस म्हणतात.

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले आहे आणि सांगली जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. आधी ग्रामपंचायतीकडे व जिल्हा परिषदेकडे लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि वाजवी काळ वाट पाहावी, कारण आधी मागणी केली होती का, हे न्यायालय पहिल्यांदा विचारते. त्यानंतर सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात ती पोच, रहिवासाचा पुरावा आणि आपण महिला असल्याचे किंवा उत्पन्न मर्यादेत असल्याचे कागद घेऊन जावे. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आपल्या पत्रावरून वस्तीतील पाण्याची तक्रार बायकांचीच अधिक दिसते, तेव्हा अर्ज त्यांच्या नावाने करावा.